न आखलेल्या सहलीचे सुख

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, उद्योगधंदा, लग्नकार्यातील खर्च, वसतिगृहाचा निधी अशा भारदस्त विषयांवर अनेक मान्यवरांची भाषणे झाली आहेत. त्या मालिकेत आमचा आजचा विषय काहीसा पोरकट वाटण्याचा संभव आहे. सहल, आणि तीही थीम पार्कातील. म्हणजे पाळणे, झुकझुक गाड्या, पाण्याच्या घसरगुंड्या आणि कागदी टोप्या! परंतु कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक दिली, तिचा लाभ घेऊन आम्ही हाच विषय जाणूनबुजून निवडला आहे. कारण ज्या कुटुंबांच्या हितासाठी ही संस्था उभी आहे, त्या कुटुंबांतील माणसे एकमेकांच्या सहवासात निश्चिंतपणे किती वेळ घालवितात, हा प्रश्न वसतिगृहाच्या निधीइतकाच जिव्हाळ्याचा आहे, असे आम्हांस वाटते.

सांप्रत आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घरांत वर्षातून एकदा तरी सहल होते. पूर्वी जी चैन मोजक्यांच्या वाट्याला येई, ती आता पुष्कळांच्या आवाक्यात आली, ही संतोषाची गोष्ट होय. ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, असे वडीलधारे चार-सहा महिने तिकडे राहून येतात आणि त्या मुक्कामात कॅलिफोर्नियातील अथवा फ्लॉरिडातील डिस्नेचे उद्यान पाहणे हा जणू एक संस्कारच होऊन बसला आहे. परंतु परतल्यावर अशा सहलीचे वर्णन ऐकू लागलो म्हणजे आम्हांस पुष्कळदा बोचते. "काय पाहिले?" असे विचारावे, तर उत्तर येते, "एका दिवसात चौदा राइड झाल्या!" "कसे वाटले?" असे विचारावे, तर उत्तर येते, "पाय दुखले हो फार." पाहणे आणि उरकणे यांत जे अंतर आहे, तेच आजच्या भाषणाचे सार आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता ही उरकण्याची रीत कशी चालते ते पाहा. निघण्यापूर्वी दोन-दोन महिने घरातील एक व्यक्ती, आणि ती बहुधा गृहिणीच असते, फोनवर बसून तक्ता बनविते. सकाळी साडेसातला फाटकाशी हजर राहणे, आठ वाजून पाच मिनिटांनी पहिली राइड, आठ चाळीसला दुसरी, साडेअकराला भोजन, मग मिरवणूक, मग पुन्हा राइड. या तक्त्यात धाकट्याची लघुशंका, आजोबांचा गुडघा, आजींच्या औषधाची वेळ यांस जागा नसते. एकदा का एखाद्या रांगेत वीस मिनिटे अधिक गेली की पुढचा सारा डोलारा कोसळतो; मग आवाज चढतात, मुले रडकुंडीस येतात आणि जिने रात्री जागून तो तक्ता केला, तिच्याच डोक्यावर सर्वांचे खापर फुटते. घरी रोज सर्वांची व्यवस्था पाहणारी ती माउली सुट्टीच्या दिवशीही कारकुनीच करीत राहते. तिला सुट्टी कोण देणार?

आपले वाडवडील करमणुकीला जात नव्हते असे नाही. गावची जत्रा ही त्यांची आनंदनगरी होती. जत्रेची तिथी पंचांगाने ठरविलेली असे. त्यापलीकडे काही ठरलेले नसे. बैलगाडी जुंपावी, भाकरीचे गाठोडे घ्यावे आणि निघावे. देवदर्शन झाले म्हणजे पोरे मोकळी. कोणी रहाटपाळण्याकडे धावे, कोणी रेवड्या-बत्ताशांच्या पालाकडे, कोणी गारुड्याभोवतीच्या कोंडाळ्यात शिरे. बायका कासाराच्या दुकानी बांगड्या भरीत बसत, म्हातारी माणसे झाडाखाली दुसऱ्या गावच्या सोयऱ्यांची खुशाली विचारीत. मुंबईकरांची तऱ्हाही निराळी नव्हती. राणीच्या बागेत किंवा मलबार टेकडीवर म्हातारीचा बूट पाहावयास मुलांना नेताना कोणत्या बापाने कधी वेळापत्रक केले होते? रविवारी दुपारी अंगावर शर्ट चढविला, ट्राम अथवा बस पकडली की सहल सुरू होई. तो आनंद अल्पखर्चाचा होता हे खरे. पण तो मनमोकळा होता, हे अधिक खरे.

यावर कोणी म्हणेल, जत्रा निराळी आणि अब्जावधी डॉलर ओतून उभारलेले उद्यान निराळे. तेथे बेत केल्यावाचून कसे भागेल? म्हणून या उद्यानांचा जन्म कसा झाला, ते थोडे सांगितले पाहिजे.

वॉल्ट डिस्ने या गृहस्थास दोन मुली होत्या. शनिवारी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात नेत असे. मुली चक्री-घोड्यांवर बसत आणि हा बाप बाकावर शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राही. तेथे त्याच्या मनात असे आले की, जेथे आईबाप आणि मुले दोघांनाही मिळून मौज करता येईल, अशी एखादी जागा असावयास हवी. डिस्नेलँडच्या कल्पनेचा उगम त्याने स्वतःच असा सांगितला आहे. तेव्हा पाहा, ज्या उद्यानासाठी आपण मिनिटामिनिटाचे तक्ते करतो, त्याचे बीज एका रिकाम्या, काही न ठरविलेल्या शनिवारी बाकावर बसलेल्या बापाच्या मनात पडले. तो बाप घड्याळाकडे पाहत बसला असता तर ते बीज पडले असते की नाही, कोण जाणे!

पुढे अनाहाइम येथील संत्र्यांच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन घेण्यात आली. १९५४ च्या जुलैमध्ये काम सुरू झाले आणि जेमतेम एका वर्षात, १७ जुलै १९५५ रोजी, उद्यान उघडले. खर्च झाला सुमारे १ कोटी ७० लक्ष डॉलर. त्या दिवशी रविवार होता आणि प्रवेश केवळ निमंत्रितांना होता. परंतु खोटी निमंत्रणे घेऊन हजारो लोक आले आणि गर्दी २८ हजारांच्या घरात गेली. नुकतेच घातलेले डांबर उन्हाने मऊ झाले आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. नळ-कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ चालवावे की शौचालये, असा पेच पडला. डिस्नेने शौचालये निवडली. हा सारा सोहळा दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविला जात होता आणि निवेदकांत पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन हेही होते. ज्यांचा धंदाच योजना करण्याचा, त्यांचीही पहिल्या दिवशी अशी त्रेधा उडाली! तरीही दोन महिन्यांच्या आत तेथे दहा लाख माणसे येऊन गेली. लोकांनी रुतलेल्या टाचा विसरून आनंद तेवढा लक्षात ठेवला.

याहून महत्त्वाची गोष्ट आहे ती त्या उद्यानाच्या रचनेची. डिस्नेलँडास लोकांसाठी एकच मुख्य प्रवेश ठेवला. आत शिरल्यावर जुन्या अमेरिकन गावातल्यासारखा एक रस्ता लागतो. त्याच्या टोकाशी एक चौक आणि चौकापलीकडे परीकथेतला किल्ला. चौकातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निरनिराळ्या विभागांकडे वाटा फुटतात. कोणत्याही वाटेने गेलात तरी फिरून चौकात येता, म्हणून हरवण्याची भीती नाही. किल्ला अवघा ७७ फूट उंच आहे. पण वर वर जावे तसतसे त्याचे दगड लहान केले असल्याने तो प्रत्यक्षाहून उंच भासतो. सभोवार मातीचा उंच बांध घालून बाहेरचे जग दृष्टीआड केले आहे. आणि प्रत्येक वाटेच्या टोकाशी मान उंचावून पाहावे, आपसूक पाय वळावेत, असे काहीतरी उभे केले आहे. अशा खुणेला डिस्ने 'वीनी' म्हणत असे. कुत्र्याला पुढे नेण्यासाठी सॉसेजचा तुकडा दाखवितात, त्यावरून हा शब्द त्याने घेतला.

याचा अर्थ काय होतो, ते आपण ध्यानी घ्यावे. माणसांनी नकाशा न पाहता, पाय नेतील तिकडे जावे, आणि तरीही त्यांना काही ना काही गवसावे, यासाठीच ही सारी रचना झालेली आहे. बेत आखण्याचे काम बांधणाऱ्यांनी आपल्या आधीच करून ठेवले आहे. आपण त्यावर आणखी एक बेत रचतो, तेव्हा तयार पंगतीत पान वाढलेले असताना घरून डबा नेऊन खाण्यासारखा प्रकार होतो.

येथे एका थोर पाहुण्याची आठवण देणे अस्थानी होणार नाही. १९६१ च्या नोव्हेंबरात आपले पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना डिस्नेलँडास गेले होते आणि खुद्द वॉल्ट डिस्नेने त्यांना ते दाखविले. जंगलातील नौकाविहाराच्या वेळी दोघांची छायाचित्रे घेतली गेली, ती आजही पाहावयास मिळतात. पंडितजींना तेव्हा बहात्तरावे वर्ष सरत होते. उलट दोन वर्षांपूर्वी, १९५९ च्या सप्टेंबरात, सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव यांना सुरक्षिततेच्या कारणास्तव तेथे जाता आले नाही. त्यांनी त्याबद्दल भर सभेत नाराजी बोलून दाखविली. राष्ट्रांचे भार वाहणाऱ्यांनाही अशा ठिकाणी जावेसे वाटते, मग साठी उलटलेल्या आमच्या ज्ञातिबंधूंनी नातवंडांबरोबर नौकेत बसावयास का संकोचावे?

आता न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लोक तक्ते करू लागले ते काही निव्वळ हौसेने नव्हे. आरंभी डिस्नेलँडात प्रौढास एक डॉलर आणि मुलास अर्धा डॉलर प्रवेशमूल्य असे आणि राइडचे पैसे वेगळे पडत. लवकरच कूपनांची पुस्तके निघाली. साध्या करमणुकीस एका अक्षराचे कूपन, मोठ्या राइडला दुसऱ्या. १९८२ मध्ये ही कूपने बंद होऊन एकाच तिकिटात सर्व काही पाहण्याची मुभा मिळाली. परिणाम असा झाला की मोठ्या राइडपुढे रांगा वाढल्या. त्यावर तोड म्हणून १९९९ मध्ये 'फास्टपास' आला. चिठ्ठी घ्यावी आणि नेमल्या वेळी थोड्या रांगेतून आत जावे. तो विनामूल्य होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे देऊन घेण्याची सोय फोनवर आली. २०२४ पासून तर फ्लॉरिडात तेथील हॉटेलांत उतरणाऱ्यांना सात दिवस आणि इतरांना तीन दिवस आधी वेळा निवडता येऊ लागल्या. भोजनगृहातील जागा साठ दिवस आधी राखून ठेवण्याची रीतही तेथे आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेले ते फ्लॉरिडातील संस्थान चार मोठ्या उद्यानांचे आहे. ते एका फेरीत पाहून होणे शक्यच नाही. तिकिटेही महागली. २०२४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात सर्वांत गर्दीच्या दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरांच्या वर गेले. एवढे पैसे मोजल्यावर प्रत्येक मिनिट वसूल करावे असे गृहस्थास वाटले, तर त्यात त्याचा दोष कोणी काढू नये.

आणि हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे की, राइडची संख्या हेच माप धरले तर तक्तेवालाच जिंकतो. प्रश्न असा आहे की, हे माप आपण कोठून आणले? लग्नाच्या पंगतीत किती पदार्थ वाढले यावरून लग्न चांगले झाले असे आपण म्हणत नाही. किंबहुना याच व्यासपीठावरून त्या वृत्तीविरुद्ध ठराव झाले आहेत. मग सहलीला हे माप का लावावे?

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता अमेरिकेत कन्येच्या घरी असताना एका सकाळी जावईबापूंचे कचेरीतील काम अकस्मात रद्द झाले. मुलांच्या शाळेलाही त्या दिवशी सुट्टी होती. चहा घेता घेता बोलणे निघाले आणि दहाच्या सुमारास आम्ही सहा जणांनी तासाभराच्या अंतरावरील एका मोठ्या उद्यानाची वाट धरली. प्रवेशास जागा आहे एवढे फोनवर पाहून तिकिटे काढली. बाकी काहीच ठरविले नाही. सौभाग्यवतींनी दशम्या आणि चटणी बांधून घेतली होती, हीच काय ती पूर्वतयारी.

आत गेल्यावर थोरल्या नातवाला जी राइड हवी होती, ती नेमकी दुरुस्तीसाठी बंद निघाली. पोर हिरमुसले. तक्ता असता तर तो तेथेच फाटला असता. पण फाटावयास तक्ताच नव्हता! तेवढ्यात कोठून तरी बँडचा आवाज आला. धाकटी नात आवाजाच्या रोखाने चालू लागली, आम्ही तिच्या मागे. बँडवाले एका तळ्याकाठी वाजवीत होते. नातीने त्यांचे दोन तुकडे ऐकले आणि मग तिचे लक्ष तळ्यातील बदकांकडे गेले. त्या बदकांपाशी आमचा अर्धा तास मोडला. बदकांना तिकीट नसते, हे खरे. पण त्या अर्ध्या तासात आमच्या कन्येने आपल्या आईच्या खांद्यावर डोके टेकून डोळे मिटले, ते आम्ही पाहिले. नोकरी, घर आणि मुले यांच्या धबडग्यात तिला तशी बसलेली आम्ही त्या मुक्कामात प्रथमच पाहत होतो. जावईबापू एरवी आमच्याशी हवापाणी आणि प्रकृती यांपलीकडे फारसे बोलत नसत. त्या बाकावर बसून त्यांनी आपल्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणाची हकीकत सांगितली. त्या वेळी त्यांना रजा मिळाली नव्हती आणि ते वेळेवर पोहोचू शकले नव्हते, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. असे बोलणे वेळ नेमून होत नाही. त्याला रिकामी जागा लागते, आणि ती जागा त्या दिवशी होती.

दिवसअखेर मोजदाद केली तर पाच राइड भरल्या. थोरल्याने त्यांतील एकच तीनदा केली. कारण तीच त्याला आवडली होती. परतताना गाडीत कोणीही चिडलेले नव्हते.

ज्ञातिबंधूंनो, आम्ही बेफिकिरीचा पुरस्कार करीत आहो, असा गैरसमज होऊ नये. बेत आणि तक्ता यांत फरक आहे. आपल्या वारीचे उदाहरण घ्या. आळंदीहून निघालेल्या पालखीचे प्रस्थान, तिचे मुक्काम, रिंगणाच्या जागा, आषाढी एकादशीला पंढरीस पोहोचणे हे सर्व आधी ठरलेले असते. त्याबाबत ढिलाई चालत नाही. परंतु दोन मुक्कामांच्या मधली वाट अभंगांची, फुगड्यांची, वाटेत भेटणाऱ्या माणसांची असते. मुक्काम पक्का आणि वाट मोकळी, हे जे सूत्र आपल्या पूर्वजांनी घालून दिले, तेच सहलीसही लागू करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टी अवश्य आधी पाहाव्यात. प्रवेश मिळेल की नाही, याची खात्री करून निघावे. डिस्नेलँडात महामारीनंतर ३० एप्रिल २०२१ रोजी फाटके पुन्हा उघडली, तेव्हा तिकिटाबरोबर दिवसाची नोंदणीही आवश्यक झाली. आपला दिवस शाळांच्या सुट्ट्यांत आणि सणावारांत येणार नाही असे जमल्यास पाहावे; आडवारी गेल्याने जो वेळ वाचतो, तो कोणत्याही तक्त्याने वाचत नाही. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे आणि थोडे खाणे जवळ ठेवावे. ज्यांना फार चालवत नाही, त्यांच्यासाठी चाकाच्या खुर्चीची सोय आधी विचारून घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. मूल हरवले तर कोठे भेटावयाचे, ती जागा आत शिरताच सर्वांना दाखवून ठेवावी. खर्चाची मर्यादाही घरूनच ठरवून निघावे, म्हणजे दुकानापुढे वाद होत नाहीत. एवढे झाले म्हणजे बेत संपला. त्यापुढे दिवसाला त्याच्या गतीने जाऊ द्यावे.

आत गेल्यावर आम्ही एकच नियम सुचवू. घरातील प्रत्येकाने, आजीपासून धाकट्यापर्यंत, आपल्या मनाची एक गोष्ट सांगावी आणि बाकीच्यांनी ती आनंदाने करावी. कोणास उंच राइड हवी असेल, कोणास आगगाडीत बसून उद्यानास प्रदक्षिणा घालावयाची असेल, कोणास सावलीत नुसते बसावयाचे असेल. बसणे हीसुद्धा एक निवड आहे, हे तरुणांनी मान्य करावे. ज्या गोष्टी राहून जातील, त्या पुढील खेपेस. जन्मात एकदाच जाणे होणार असेल, तर फार तर दोन गोष्टी अशा ठरवाव्यात की ज्या चुकवावयाच्या नाहीत. आणि त्या सकाळीच, रांगा वाढण्यापूर्वी, करून मोकळे व्हावे.

यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याची गरज नाही. दिल्लीत १९८४ मध्ये 'अप्पू घर' निघाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीचे नाव त्यास दिले होते. २००८ मध्ये ते बंद झाले, तरी त्या पिढीतील मुलांना त्याची आठवण आहे. मुंबईकरांसाठी १९८९ मध्ये गोराईस एस्सेल वर्ल्ड उघडले. खाडी ओलांडून बोटीने तेथे जाताना सहलीचा निम्मा आनंद बोटीतच पदरात पडे. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतील कुटुंबांना सकाळी निघून रात्री घरी येण्याजोगे एक मोठे उद्यान मिळाले. अशा जवळच्या ठिकाणी तर सकाळी ठरवून सकाळीच निघणे सहज जमते. आणि तेवढाही खर्च झेपत नसेल, तर गावची जत्रा अद्याप भरतेच आहे. तेथे रहाटपाळणा फिरतो आहे आणि कोणीही नोंदणी विचारीत नाही.

मुलांच्या बाबतीत एक शब्द अधिक. आजचे मूल सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, सायंकाळी पोहणे अथवा बुद्धिबळ अशा चाकोरीत वाढते. पुढील तासात काय करावयाचे, हे त्याला कोणीतरी सांगत असते. वर्षातून एक दिवस तरी चौकात उभे राहून "आता कोणीकडे जावयाचे?" हा प्रश्न त्याला विचारला जावा आणि त्याच्या उत्तराप्रमाणे थोरामोठ्यांनी चालावे. निवड करणे, ती फसली तर हसून सोडून देणे, दुसऱ्याच्या निवडीत रमणे हे शिक्षण कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. आपल्या शिष्यवृत्तीने मुले पदवीधर होतील. परंतु ती चारचौघांत सुखाने वावरतील की नाही, हे अशा मोकळ्या दिवसांवरही अवलंबून आहे.

शेवटी कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना करून आम्ही आपली रजा घेणार आहो. आपल्या संस्थेची वार्षिक सहल दरवर्षी निघते आणि सहल समितीचे कार्यकर्ते तिच्यासाठी अपार खपतात, याबद्दल त्यांचे करावे तितके अभिनंदन थोडेच. परंतु त्या सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत सकाळच्या अल्पोपाहारापासून आभारप्रदर्शनापर्यंत एकही मोकळा अर्धा तास आढळत नाही. पुढील सहलीत दुपारच्या भोजनानंतरचे तीन तास पत्रिकेत कोरे ठेवावेत. बसगाड्या किती वाजता सुटतील, तेवढे ठळक अक्षरांत छापावे. त्या तीन तासांत कोणी खेळेल, कोणी झोपेल, कोणी पाळण्यात बसेल, कोणी जुन्या सोयरिकीची चौकशी करील. आणि ज्या भगिनी सकाळपासून पानसुपारी व पंगतींची व्यवस्था पाहत असतात, त्यांनाही त्या तीन तासांत काही काम सांगितले जाऊ नये, अशी आमची विशेष विनंती आहे.